जमीन नाकारलेल्यांची शेती

ज्यू म्हटले की आपल्याला व्यापारी, डॉक्टर, शास्त्रज्ञ आठवतो. शेतकरी आठवत नाही. झारच्या रशियात बहुतेक ज्यूंना जमीन घ्यायची मुभाच नव्हती. तिथल्या १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर देशोधडीला लागलेल्यांपैकी ४३ कुटुंबे मे १८८२ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीच्या रानात उतरली. खुरटी झाडे तोडून त्यांनी ‘अलायन्स’ ही वसाहत उभारली. जमीन रेताड, शेतीचा अनुभव बेताचा. पोटासाठी शिवणयंत्रही चालवावे लागले. पण १९०८ पासून ‘ज्यूइश फार्मर’ हे मासिक निघू लागले आणि शेतीचा सल्ला थेट यिडिशमध्ये, मायबोलीत मिळू लागला. पुढे कोंबडीपालनाने अनेकांना तारले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर छळछावण्यांतून वाचलेली माणसे जवळच्या व्हाइनलँड परिसरात अंडी गोळा करू लागली. मोठ्या पोल्ट्री कंपन्यांपुढे हे छोटे शेतकरी टिकले नाहीत. मुले शहरांकडे गेली. अलायन्समध्ये आज जुने प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी आहे.

आधी जमीन नाकारायची आणि मग ‘यांना शेती जमत नाही’ म्हणायचे, ही जगाची जुनी रीत आहे. या अंकातील लेख वाचताना वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, एवढीच विनंती.