तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हे

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत वर्षाकाठी साधारण 1200 ते 1500 मिलिमीटर पाऊस पडतो. 2022 च्या जुलैत याच पावसाने तेथील कित्येक गावे वेढली. आणि तरीही आश्विनात धानाला अखेरचे पाणी मिळेल की नाही, ही विवंचना शेतकऱ्याला सुटत नाही. या विसंगतीचे उत्तर पूर्व विदर्भाने शतकांपूर्वीच शोधले होते. ते उत्तर म्हणजे गावोगावचे तलाव आणि बोड्या.

तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन द्यावी, असे गोंड राजांचे धोरण होते, असे परंपरा सांगते. उतारावरून धावणारे पाणी पाळीने अडवावे, तुडुमातून ते बेताने शेतात सोडावे आणि उरलेले सांडव्यावरून खालच्या तलावात जाऊ द्यावे, ही ती रचना. जंगल पाणलोटाची माती धरून ठेवी आणि उथळ काठावर देवधान, कमळ, शिंगाडा, मरळ आणि पाणपक्षी नांदत.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून हे तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर तलावाची निगा राखण्याची गावाची जबाबदारीही गेली, हे मात्र अनिष्ट झाले. पाळी खचल्या, गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांपैकी अनेकांची आज हीच अवस्था आहे.

आता दुरुस्तीचे वारे वाहू लागले आहे, त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र किती घनमीटर गाळ निघाला एवढ्यावरच यश मोजले, तर यंत्र सारा तळ सरसकट खरवडते; गाळाबरोबर देशी पाणवनस्पतींचे कंद आणि बी जाते, उथळ काठ नाहीसा होतो आणि मासळीला अंडी घालण्यास जागा उरत नाही. पाणी साठते, परंतु तलाव मरतो. त्या मरणाची झळ प्रथम लागते ती मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना.

याहून चांगला मार्ग आहे, आणि तो शेजारीच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने ढिवर स्त्रियांनी बेशरम मुळासकट उपटला, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथे मासळी वाढली, पक्षीही परतले.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गाळ काढावा, पण काठ राखून. पाळ आणि सांडवा आधी दुरुस्त करावा. आणि कोणती वनस्पती ठेवावी, कोणती काढावी हे ढिवरांना व ग्रामसभेला विचारून ठरवावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे इतर अनेक गावांनाही मिळाला. ज्या ग्रामसभांच्या हाती पाणलोटाचे जंगल विश्वासाने दिले, त्यांच्याच हाती त्याखालचा तलाव देण्यास संकोच कशाला?

शहरात बसून हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु आपल्या ताटातला तांदूळ याच पाण्यावर पिकतो. 1951 मध्ये शासनाने तलाव घेतले. त्यांची राखण करण्याचा अधिकार गावांना परत देणे, हे त्या सुधारणेचे अपुरे राहिलेले अर्धे काम आहे. ते आता पुरे व्हावे.