गाडी पोट्ट्याची, सही बापाची, सातबारा घरादाराचा

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात अठरा ते पंचवीस वर्षांचं पोट्टं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पोट्ट्यांनी तर वाचाच.

अमरावतीत संध्याकाळी पंचवटी चौकात किंवा अकोल्यात गोरक्षण रोडला दहा मिनिटं उभं राहून पाहा. जुनी बीएमडब्ल्यू, जुनी ऑडी, पोलो जीटी, ऑक्टाव्हिया, मधातच एखादी दोन दारांची लाल गाडी. सायलेन्सर बदललेला, काचा काळ्या, आवाज चार गल्ल्यांत. नवी होती तेव्हा चाळीस लाखांची असलेली गाडी आता आठ-नऊ लाखांत मिळते. बऱ्याच गाड्या दिल्ली पासिंगच्या. तिकडे डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा वर्षं असा नियम आला आणि तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर निघाल्या. आपल्याकडे त्या 'डील' म्हणून येतात.

हौसेला माझा विरोध नाही. वेगाची हौस त्या वयात नाही तर कधी होणार? कमावून, हिशेब करून कोणी घेत असेल तर खुशाल घ्यावी. माझं म्हणणं वेगळ्याच गोष्टीवर आहे. गाडीचा भाव सगळे विचारतात. तिच्या विम्याबद्दल मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "हाय न भाऊ, मार्चपर्यंत चालू हाय." या एका वाक्यावर घरं उभी आहेत आणि याच वाक्यावर ती बसूही शकतात.

आधी एक आकडा घ्या. १५०० सीसीच्या वरच्या खासगी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा ७,८९७ रुपये. १ जून २०२२ पासूनच्या सरकारी दरपत्रकातला हा दर. १८ टक्के जीएसटी धरला की ९,३१८. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे सव्वा क्विंटल कापसाच्या आतच वर्षाचा थर्ड पार्टी विमा होतो. हजार ते पंधराशे सीसीला मूळ दर ३,४१६, हजारच्या आत २,०९४. मोटरसायकल ३५० सीसीच्या वरची असेल तर २,८०४.

या दरपत्रकात काय नाही ते पाहा. त्यात चालवणाऱ्याचं वय नाही. काल लायसन मिळालेलं एकोणीस वर्षांचं पोट्टं आणि तीस वर्षं एकही ओरखडा न पाडता गाडी चालवणारे गुरुजी, दोघांच्या गाडीचं इंजिन सारखं असेल तर थर्ड पार्टीचा हप्ताही सारखाच. इंग्लंडमध्ये असं नाही. तिथं विमा कंपनी आधी वय विचारते, लायसन किती वर्षांचं ते विचारते, मग गाडी कोणती ते. अठरा वर्षांच्या पोराला स्पोर्ट्स कारचा असा हप्ता सांगतात की जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा तोच जड पडावा. म्हणून तिथली पोरं मुकाट्यानं लहान इंजिनाच्या गाडीवर सुरुवात करतात, कित्येक जण गाडीत वेग मोजणारा डबा बसवून घेतात. तिथं पोराला विमा कंपनी अडवते. आपल्याकडे अडवायला कोणी नाही. म्हणजे अडवायचं काम घरच्यांचं.

आणि घरचे काय करतात? सही करतात.

गाडी बापाच्या नावावर, कर्जही बापाच्या नावावर, चालवणारं पोट्टं. यात कायद्यानं काय होतं ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, विमा गाडीसोबत पूर्ण येत नाही. सेकंड हँड गाडी घेतली की आधीच्या मालकाचा थर्ड पार्टी विमा कायद्यानं तुमच्याकडे आला असं धरतात, पण १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून तो नावावर करून घ्यायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, आपोआप येत नाही. कागदावर जुन्या मालकाचं नाव आणि तुम्ही गाडी ठोकली तर क्लेमच्या टेबलावर तुम्ही परके. शिवाय 'नो क्लेम बोनस' हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याची ५० टक्के सूट तुम्हाला लागू होत नाही, फरक भरावा लागतो.

दुसरी गोष्ट, जुन्या महागड्या गाडीला 'फुल इन्शुरन्स' म्हटलं तरी ते नावापुरतं फुल. झिरो डेप जुन्या गाडीला मिळणं कठीण. ते नसलं की प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांच्या किमतीतून निम्मे पैसे कापतात. पत्र्याच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५० टक्के. दुरुस्तीचं बिल गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेलं तर गाडी 'टोटल लॉस'. नवी असताना चाळीस लाखांची असलेल्या गाडीचे पार्ट आजही चाळीस लाखांच्या गाडीचेच असतात, तुम्ही ती आठ लाखांत घेतली म्हणून हेडलाइट स्वस्त होत नाही. दोन हेडलाइट, बंपर आणि उघडलेल्या एअरबॅगा, एवढ्यातच पाच लाखांची विमा किंमत संपायला येते.

तिसरी गोष्ट, मॉडिफिकेशन. सायलेन्सर बदलला, इंजिनची ताकद वाढवली आणि विमा कंपनीला सांगितलं नाही, तर क्लेम नाकारायला तिच्या हातात आयतं कारण. वर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. पुन्हा बापच.

आता खरी गोष्ट. समजा विमा संपलेला आहे. "पुढच्या महिन्यात भरतो" म्हणून राहिला. ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, देशात रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याविना आहेत. पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, दुसऱ्यांदा चार हजार. हप्त्यापेक्षा दंड स्वस्त, म्हणून पोट्टे हसतात.

पण त्याच महिन्यात मुर्तिजापूर नाहीतर बोरगाव मंजूजवळ कोणाला धडक बसली तर? धरून चाला, गेलेला माणूस तीस वर्षांचा, महिन्याला पंधरा हजार कमावणारा, घरी बायको, दोन लेकरं आणि आई. सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेलं गणित असं: उत्पन्नात भविष्याची वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, उरले १,८९,०००. तीस वर्षांच्या वयाला गुणक १७. होतात ३२,१३,०००. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळं.

विमा चालू असता तर हे बत्तीस लाख कंपनीनं भरले असते, कारण थर्ड पार्टीत मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. विमा नाही, तर भरायचे गाडीच्या मालकानं आणि चालवणाऱ्यानं. नाही भरले तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवतं आणि वसुली होते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. कलम १७४. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. ९,३१८ वाचवायला निघालो आणि सातबाऱ्यावर आलो.

आणि त्या मेलेल्या माणसाच्या घरचं काय? तुमच्याकडून वसुली होईपर्यंत त्याच्या बायकोनं कोर्टाच्या चकरा मारायच्या. थर्ड पार्टी विमा हा तुमच्या गाडीसाठी नसतोच, तो त्या अनोळखी बाईसाठी असतो. एवढी एक गोष्ट पोट्ट्यांच्या डोक्यात शिरली तरी पुष्कळ.

विमा चालू आहे पण चालवणाऱ्याकडे लायसन नाही, असंही होतं. तेव्हा बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला सांगतं, आधी पीडितांना द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. शेवटी दार तेच. आणि चालवणारा अठराच्या आतला असेल तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड. पुण्यात १९ मे २०२४ च्या रात्री कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन तरुण इंजिनिअर गेले. कोटीच्या वरची पोर्शे, आणि तिची कायमची नोंदणी राहिली होती १,७५८ रुपयांच्या फीसाठी. तेव्हा आपण म्हटलं, श्रीमंतांचे चाळे. कागद अर्धवट ठेवून चावी पोराच्या हातात देण्याची सवय मात्र वऱ्हाडातही तीच आहे.

पोट्ट्यांनो, आता तुमच्यासाठी. तुम्ही स्वतःच वेगात जाऊन ठोकली, दुसऱ्या कोणाची चूक नाही, तर थर्ड पार्टीतून तुमच्या घरच्यांना काही मिळत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या अशाच प्रकरणात ८० लाखांची मागणी फेटाळली. १५ लाखांचं अपघात कव्हर असतं, पण ते गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी. मालक बाप असेल आणि गाडी तुम्ही चालवत असाल तर त्या कव्हरच्या भरवशावर राहू नका, स्वतःच्या नावानं वेगळं घ्या.

आणि परवडण्याचा हिशेब कागदावर मांडा. सहा लाख कर्ज, समजा १४ टक्के, पाच वर्षं. हप्ता जवळपास १३,९६०. महिन्याला ८०० किलोमीटर फिरलात, गाडीनं लिटरला ९ दिले आणि पेट्रोल १०५ धरलं, तर ९,३०० पेट्रोलचे. झाले २३ हजार. यात विमा नाही, टायर नाही, सर्व्हिसिंग नाही. बंद पडली तर ट्रकवर टाकून नागपूरला न्यायची. अकोल्याहून अडीचशे किलोमीटर. दिल्ली पासिंग असेल तर तिथली एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. बारा महिन्यांच्या पुढे दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथं गाडी ठेवता येत नाही. पंधरा वर्षं पूर्ण झालेली इम्पोर्टेड कार असेल तर नोंदणी नूतनीकरणाची फीच ४०,०००. एवढं करून महिन्याला हातात पंचवीस हजार येत असतील, तर ती गाडी तुमची नाही. ती बापाची आहे आणि तुम्ही तिचे ड्रायव्हर आहात.

विकणाऱ्यांनीही ऐकावं. "पैसे घेतले, चावी देली, आता आपलं काय?" असं नाही. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या माणसावर आली.

आता प्रशासनाकडे मागणी. सेकंड हँड गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. विक्रेत्यानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेतली की तसं ऑनलाइन कळवायचं, गाडी कुठं फिरली याची नोंद ठेवायची. चांगला नियम आहे. म्हणून एमएच २७ आणि एमएच ३०, दोन्ही कार्यालयांना साधा प्रश्न: आपल्या शहरातल्या किती कार बाजारांकडे हे अधिकारपत्र आहे? ती यादी कार्यालयाच्या दारावर लावा. ज्याच्याकडे नाही त्याचं दुकान तपासा. चौकात हेल्मेटची पावती फाडता तशी विम्याचीही तपासणी करा, नंबर टाकला की मोबाईलवर दिसतं.

रस्ते चांगले झाले आहेत. आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लेनचं डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. समृद्धीवर १२० ची मुभा आहे. पण महामार्गावर आजही कापसाचा ट्रॅक्टर बिनलाइटचा चालतो, बाया वावरातून येताना रस्ता ओलांडतात. रस्ता सगळ्यांचा आहे.

तेव्हा गाडी पाहायला जाण्याआधी चार गोष्टी करा. एमपरिवहनवर नंबर टाकून विमा, कर्जाचा बोजा आणि चलानं पाहा. आपल्या नावानं विम्याचा दर काढून घ्या, मग गाडीचा भाव करा. टोकन देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. आणि विमा नावावर झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही, मग मित्र किती का हसेनात.

बाप मंडळींना एवढंच, पोट्टं रुसलं तर चार दिवसांत बोलायला लागते. सही करण्याआधी त्याच्यासमोर वही उघडा आणि हिशेब त्यालाच मांडायला लावा.

तुमच्या माहितीत विमा नावावर न झाल्यानं कोणाचा क्लेम अडकला असेल तर नाव-गाव न घेता खाली लिहा, बाकीच्यांना कामी येईल. पोस्ट पटली तर घरच्या ग्रुपवर टाका. बापानं टाकली काय, पोट्ट्यानं टाकली काय, वाचली गेली पाहिजे.