काठीच्या आधी जीभ चालते

शेतकरी व कारागीर बांधवहो, मोहफुले वेचावयास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविणारा मनुष्य काही जंगल जाळावयास निघालेला नसतो. परंतु वारा सुटला म्हणजे त्याच ठिणगीचा वणवा होतो. चांदा-गडचिरोलीच्या मुलखात हे पोरासोरांसही ठाऊक आहे. तोंडून निघालेल्या शब्दाचीही हीच गत होते, हे मात्र आपण वारंवार विसरतो.

जिवती तालुक्यातील वणी खुर्द गावी २१ ऑगस्ट २०२१ रोजी काय घडले? अंगात आलेल्या बायांनी काही नावे घेतली. ह्यांनी भानामती केली, एवढाच काय तो पुरावा! तेवढ्यावर दलित समाजाच्या सात जणांस, त्यांत म्हातारी माणसे व बायकाही होत्या, भर चौकात खांबांस बांधून मारण्यात आले. पुढे १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा गावी जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईस व एका पुरुषास मारहाण करून जाळण्यात आले. पोलिसांनी १५ जणांस धरले. करणी कोणी डोळ्यांनी पाहिली होती काय? कानांनी ऐकले व हातांनी शिक्षा दिली. मध्ये बुद्धीस कोणी विचारलेच नाही.

ह्यावर काही शहाणे म्हणतील, "जंगलातले अडाणी लोक, त्यांचे असेच चालावयाचे!" मग धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे काय? तेथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस पोरे पळविणारे ठरवून ठार मारले. ती आवई कोणा भगताने नव्हे, मोबाईलने गावोगाव नेली होती. पुढे सात जणांस जन्मठेप झाली. त्यांची पोरेबाळे पोसावयास आवई उठविणारा येणार आहे काय?

गावात हिवताप येतो, पोर दगावते, दवाखाना लांब असतो. भेदरलेल्या आईबापांस काहीतरी कारण हवे असते. नेमक्या त्या वेळी जो एखाद्याचे नाव पुरवितो, त्याने काठी हाती न धरताही पहिला घाव घातलेला असतो. तो कधी देव्हाऱ्यापुढे घुमणारा असतो, कधी बांधाच्या भांडणाचा सूड उगविणारा, तर कधी मतांसाठी जातीजातींत काडी लावणारा पुढारी. भाता तो हलवितो. पोळतात मात्र आमचे हात.

कायद्यानेही हे ओळखले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणीचा आळ घेऊन लोकांत संशय पसरविणे हाच गुन्हा ठरविला. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे नुसती जीभ चालविणाराही सुटत नाही. परंतु पोलीस येईपर्यंत खांबाशी बांधलेल्या म्हाताऱ्यास वाचविणार कोण? ते काम गावाचेच आहे.

वणवा भडकल्यावर जाळरेषा काढता येत नाही. ती आधीच काढावी लागते. म्हणून गावात सारे शांत असतानाच ग्रामसभेत ठराव करा की, आजारपणात कोणी कोणाचे नाव घ्यावयाचे नाही. तरीही कोणी घेतलेच, तर चार माणसांत त्यास विचारा: तू स्वतः पाहिलेस काय? तुला सांगितले कोणी? आणि ह्यात तुझा लाभ काय? आजाऱ्यास आशाताईच्या मदतीने दवाखान्यात पोहोचवा. ज्याच्यावर आळ आला, त्याच्या दारी त्या रात्री शेजाऱ्यांनी बसावे, पोलीस पाटलास कळवावे, ११२ वर फोन करावा. आणि मोबाईलवर आलेला भडक निरोप पुढे ढकलण्याआधी तेच तीन प्रश्न स्वतःस विचारावेत.

जमाव जमण्यापूर्वी एकाने "थांबा" म्हटले तर दहा जण ऐकतात. जमल्यावर शंभरांनी म्हटले तरी कोणी ऐकत नाही. तेव्हा तो पहिला "थांबा" म्हणणारा आपल्या गावात कोण, हे आजच ठरवा.