गूढविद्येचा बट्टा

आयथेल कोहून या आंग्ल चित्रकर्तीच्या कृतींचे मोठे प्रदर्शन २०२५ साली प्रथम कॉर्नवॉल प्रांतातील सेंट आइव्हज येथे व नंतर लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात भरले. तिची चित्रे छापील पुस्तकांतून पाहणाऱ्या आमच्याकडील सुशिक्षितांच्या तोंडून दोन उद्गार निघतात. एक असा की, बाई कुशल खरी, पण मंत्रतंत्राच्या नादी लागून फुकट गेली. दुसरा असा की, बाईचा जन्म शिलाँगचा, तेव्हा हे सारे आमच्याच तंत्रमार्गाचे देणे! दुसरा उद्गार केवळ हास्यास्पद आहे. पहिला अन्यायाचा आहे.

दुसऱ्याची वासलात लवकर लावता येईल. १९०६ साली ती शिलाँगला जन्मली, कारण वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. वाढली मात्र ती विलायतेत. तिच्या चित्रांतील मुख्य सामग्री म्हणजे यहुदी कब्बाला, युरोपातील किमयाविद्या आणि केल्टिक दंतकथा. परक्याच्या यशावर जन्मदाखल्याच्या आधारे हक्क सांगण्याची ही खोड आपण सोडलेली बरी.

आता पहिला आक्षेप. लंडनच्या स्लेड कलाशाळेत १९२९ साली पारितोषिक मिळवलेली ही विद्यार्थिनी अतिवास्तववाद्यांत सामील झाली. १९४० साली त्या मंडळाचे म्होरके मेसेन्स यांनी सभासदांवर अटी घातल्या. कोणत्याही गुप्त आध्यात्मिक पंथाशी संबंध ठेवू नये, ही त्यांतली एक. कोहूनने नकार दिला आणि मंडळ सोडले. गंमत पाहा. ज्या आंद्रे ब्रेताँचे हे सारे अनुयायी, त्यानेच आपल्या दुसऱ्या जाहीरनाम्यात अतिवास्तववादाने खोल गूढात शिरावे असे बजावले होते, आणि पुढे टॅरोच्या सतराव्या पत्त्यावरून एका पुस्तकाचे नावही ठेवले. मोंद्रियान १९०९ साली थिऑसफिकल सोसायटीचा सभासद झाला. कांदिन्स्कीने कलेतील अध्यात्मावर ग्रंथ लिहिला. त्यांचे ते तत्त्वज्ञान, आणि हिचे तेवढे खूळ! पुरुषाच्या गूढवादास प्रस्तावनेत जागा मिळते, स्त्रीच्या गूढवादास वैद्याकडे धाडण्यात येते. गूढपंथीयांनीही तिला सरसकट जवळ केले असे नाही. ‘गोल्डन डॉन’ पंथात शिरण्याचा तिचा अर्ज फेटाळला गेला होता, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

प्रस्तुत लेखकाचा मंत्रसिद्धीवर काडीचाही विश्वास नाही. परंतु चित्राची परीक्षा चित्रकाराच्या श्रद्धेवरून करावयाची, हा न्याय कोठला? जळगावाहून अजिंठ्यास जाणारे किती जण बौद्ध असतात? आमच्या फैजपुरास जन्मलेल्या मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या लयबद्ध संघटनेत शोधावे, असे आयुष्यभर सांगितले. ती कसोटी तिच्या १९३८ सालच्या ‘स्किला’ या चित्रास लावून पाहा. समुद्रातून दोन सुळके वर आले आहेत, मध्ये अरुंद पाणी आहे, तेथून एक नाव आत शिरते आहे. क्षणभराने ध्यानी येते की हे सुळके म्हणजे स्नानाच्या टबात बसलेल्या स्त्रीचे, तिच्याच डोळ्यांना दिसणारे गुडघे आणि मांड्या आहेत. होमरची राक्षसीण आणि स्नान करणारी बाई एकाच रेषेत बसल्या आहेत, आणि एकीला पुसून दुसरी उरत नाही. हे पाहण्यास कोणतीही दीक्षा लागत नाही.

तिच्या ‘जादू’चे तंत्र पाहिले तर त्यात भिण्यासारखे काय आहे? दोन पृष्ठभागांत ओला रंग दाबावा, सोडवावा, आणि उमटलेल्या डागात दिसेल तो आकार पुढे न्यावा. १९४९ साली तिने या डागांवर निबंधच लिहिला. कागदाच्या घडीत शाईचा थेंब दाबून फुलपाखरू काढण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे, आणि भिंतीवरच्या डागांत देखावे पाहण्याचा उपदेश लिओनार्दोनेही केला आहे.

कोणी म्हणेल, ज्या महाराष्ट्रास २०१३ साली डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तेथे असल्या बाईची भलावण कशास? उत्तर सोपे आहे. तो कायदा भोळ्यांना नाडणाऱ्या भोंदूंसाठी आहे. कोहूनने कोणाला अंगारा विकला नाही. चित्रे काढली व पुस्तके लिहिली. शिवाय आम्ही तरी श्रद्धा आणि विद्या यांची गाठ कोठे सुटी ठेवली आहे? चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिला, असे तो सांगतो. हा चांगदेव यादवांच्या दरबारी ज्योतिषी होता. ज्योतिष्याने घातलेला पाया म्हणून त्या गणितास आपण कमी लेखत नाही.

कॉर्नवॉलमध्ये लामोर्ना गावाजवळ एकोणीस उभ्या शिळांचे वर्तुळ आहे. रविवारी नाचल्यामुळे पोरी दगड झाल्या, अशी तेथील लोककथा. कोहून त्या प्रदेशात जाऊन राहिली, १९५७ साली तिने त्यावर ‘जिवंत शिळा’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि ती वर्तुळे चित्रांत आणली. आमच्या धुळे-नंदुरबारकडे काळ्या पाषाणाच्या भिंती मैलोगणती माळ कापीत जातात. दख्खनचा लाव्हा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. आमच्या चित्रकलावर्गांतून मात्र अजून घडा, कमळ आणि सूर्यास्त चालू आहेत. २०२२ साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेकडो किलो शेंदराचे कवच उतरविले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या खानदेशाने पाहिलेले रूप पालटून खालचे निराळे रूप उघड झाले. त्याची चर्चा झाली ती भक्तीची आणि वृत्तपत्री कुतूहलाची. थरावर थर चढून देवतेला जो आकार आला होता, त्या आकाराविषयी कलेच्या भाषेत आमच्या चित्रकारांनी आणि टीकाकारांनी अजून बोलावयाचे आहे.