सोयाबीन विकायचं, अन् घरात काय शिजवायचं?

खरीप निघाला की वाशीम, रिसोड, कारंजाच्या बाजार समितीत सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते. घरात मात्र पायलीभरही ठेवत नाहीत. ‘ते काय खायचं असते? ते तेलाच्या कारखान्याचं,’ असं आपण म्हणतो. अन् तेल काढून उरलेल्या त्याच पिठाच्या वड्या पुडीनं विकत आणतो!

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपये. मटण किलोला ७०० च्या वर. सहा-सात माणसांच्या घरी पाव किलो खिमा आणला, तर तो कर्त्याच्या ताटात जातो. लेकरांना अन् बाईमाणसाला नुसता रस्सा. मजुरीला जाणाऱ्या बाईला प्रथिनं लागत नाहीत काय?

यावरची तोड जुनीच आहे. शामी कबाबाच्या खिम्यात हरभऱ्याची डाळ शिजवून वाटतात. दालच्यात मटण थोडं अन् डाळ भरपूर. त्यात कोणी कमीपणा मानत नाही, चवीनंच खातात.

हिशेब साधा आहे. पाव किलो खिम्यात प्रथिनं साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम बारीक सोयावडीतही तेवढीच. वडी गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा-मसाल्यात खिम्यासोबत परतली की पाव किलोचा खिमा अर्ध्या किलोच्या तोडीचा होतो. वडी नसेल तर हरभऱ्याची डाळ अर्धवट शिजवून घाला. ती आपल्याच वावरातली.

घरचं सोयाबीन खायचं तर रात्रभर भिजवा, पाणी फेका अन् कुकरमध्ये चांगलं शिजवा. कच्चं पचत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं धुऊनही खाऊ नका, जनावरालाही घालू नका.

सरपंच, ग्रामसेवकांनाही एक सांगणं आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून अंगणवाडीत बचत गटाच्या बायांकडून असा स्वयंपाक करून दाखवायला फार पैसा लागत नाही.

भावासाठी भांडलंच पाहिजे. पण भाव मिळेपर्यंत लेकरांनी थांबायचं काय? यंदा एक पोतं घरात राहू द्या.