बॅटरी डिकीत जाते

या सदरातले पाण्याच्या पंपाचे प्रकरण ज्यांनी वाचले असेल, त्यांना माझ्या भाचेबुवांची ओळख निराळी करून द्यायला नको. चालणारी वस्तू चालू द्यावी, हा विचार या चिरंजीवांच्या डोक्यात कधी शिरलेलाच नाही. यंदा श्रावणात एका रविवारी सकाळीच ताईचा फोन आला.

“तू आत्ताच्या आत्ता ये. हा ह्यांच्या गाडीची बॅटरी काढायला निघालाय.”

“बॅटरी संपली असेल, ताई.”

“संपली कुठे! चांगली आहे. ती काढून म्हणे डिकीत ठेवणार!”

‘ह्यांची गाडी’ म्हणजे भाऊजींची १९९६ सालची पांढरी मारुती ८००. भाऊजींना जाऊन चार वर्षे झाली. दर रविवारी अंघोळीच्या आधी बॉनेट उघडायचे, बॅटरीची सहाही बुचे काढून पाण्याची पातळी पाहायची, कमी वाटले तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि टर्मिनलांवर व्हॅसलिनचे बोट फिरवायचे, हा त्यांचा नेम. एक वेळ वर्तमानपत्र वाचायचे राहील, पण हा नेम चुकायचा नाही. ते गेल्यावर गाडीला गिऱ्हाईके आली, पण ताईने एकालाही दारात उभे केले नाही. गाडीची सीटकव्हरेसुद्धा बदललेली तिला खपत नाहीत. आणि इथे तर बॅटरीवरच घाला!

मी निघालो तो भाच्याची समजूत घालायच्या इराद्याने. पण तो बोलू लागला आणि माझी पंचाईत झाली. कारण तो सांगत होता ते खरे होते.

त्याला नाद लागला आहे मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून, त्यांच्यामधून घड्याळ लावून गाडी काढायच्या शर्यतींचा. त्याची तक्रार अशी की, जोरात वळण घेतले की गाडीचे नाक बाहेर जाते. स्टिअरिंग फिरवावे तेवढी गाडी वळत नाही. त्याचे कारण सरळ आहे. या गाडीचे इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि गाडी ओढणारी चाकेही पुढचीच. म्हणजे ओझे वाहायचे पुढच्या टायरांनी, ओढायचे त्यांनी आणि वळवायचेही त्यांनीच. मागची दोन चाके नुसती वऱ्हाडी! आणि टायरची एक खोड आहे. त्याच्यावर भार दुप्पट केला म्हणून रस्त्यावरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून चारही टायरांनी ओझे वाटून घेतले तर चौघांची मिळून पकड जास्त मिळते.

“मग इंजिन तर उचलून मागे नेता येत नाही, मामा,” भाचेबुवा म्हणाले, “पण दहा किलोची बॅटरी नेता येते.”

ही कल्पना काही त्याची नव्हे. १९५९ साली इंग्लंडात अलेक इसिगोनिस यांनी मिनी नावाची चिमुकली मोटार काढली. इंजिन आडवे बसवून पुढच्या चाकांनी गाडी ओढायची ही तिची मांडणी पुढे सगळ्या जगाने उचलली, आपल्या मारुतीनेही. त्या मिनीची बॅटरी पहिल्यापासून डिकीत आहे आणि तिथून एक जाड तार गाडीच्या पोटाखालून पुढे स्टार्टरपर्यंत येते. हीच मिनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. १९८९ साली जपानच्या माझ्दा कंपनीने एमएक्स-५ ही दोन माणसांची गाडी काढली, तिचीही बॅटरी डिकीतच.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “त्या गाड्यांची जन्मापासून तिथे होती ना? मग झालं तर!”

या मुद्द्याला उत्तर नव्हते. तरीही संध्याकाळपर्यंत तह झाला. जुनी बैठक कापायची नाही, म्हणजे मनात आले तर बॅटरी परत जागेवर ठेवता येईल. आणि काम झाल्यावर मी ते तपासायचे. दुसरी अट घातली नसती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. किंवा फार निराळा लिहावा लागला असता.

आधी आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. काटेवाल्याने ट्रकांच्या रांगेत आम्हाला पाहून जे तोंड केले ते मी विसरणार नाही. माणसे उतरवून अख्खी गाडी भरली ६५० किलो. नुसती पुढची चाके काट्यावर घेतली तेव्हा ४१०. म्हणजे शंभरातले त्रेसष्ट पुढे. आता हिशेब पाहा. बॅटरीचे वजन १० किलो. ती सुमारे २४० सेंटिमीटर मागे जाणार. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २१८ सेंटिमीटर. वजनाला सरकवलेल्या अंतराने गुणायचे आणि चाकांमधल्या अंतराने भागायचे, की पुढचा किती भार मागे गेला ते कळते. उत्तर आले ११ किलो. बॅटरी दहाची आणि भार हलला अकराचा, हे कसे? तर बॅटरी मागच्या चाकांच्याही मागे जाते आणि सी-सॉवर टोकाला बसलेल्या पोरासारखी पुढची बाजू किंचित उचलते. याची दुसरी बाजूही आहे. वजन जितके टोकाला, तितकी गाडीची शेपटी वळायला आणि वळलेली थांबायला जड. म्हणून दोन्ही चाकांच्या मधली जागा उत्तम. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असे. आमच्याकडे तिथे जागा नव्हती. डिकीतही डावा कोपराच निवडला, कारण शर्यतीत माणूस एकटा असतो आणि आपल्याकडे तो उजवीकडे बसतो.

काम एका मिस्त्रीकडे दिले. काट्यावर पुन्हा गेलो. पुढची चाके ४०० किलो! काटा दहा-दहा किलोंनीच पुढे सरकणारा, तेव्हा अकराचे दहा दिसले. त्रेसष्ट टक्क्यांचे झाले साडेएकसष्ट. भाच्याला आभाळ ठेंगणे झाले. मी त्याच्या उत्साहावर थोडे पाणी शिंपडले. साठ किलोचा एक माणूस मागच्या सीटवर बसवला, तर पुढचा हिस्सा साठ टक्क्यांच्याही खाली येतो. म्हणजे ताईला मागे बसवले असते तर बॅटरी न हलवताच याहून जास्त साधले असते. (ताईचे वजन साठ आहे असे मी म्हटलेले नाही. तिने हा अंक वाचल्यावर कृपया कोणी माझा शब्द फिरवू नये.)

घरी आल्यावर अटीप्रमाणे मी तपासायला बसलो. डिकी पाहिली, ठीक वाटली. मग पुढच्या सीटखालचे कार्पेट उचलले आणि माझ्या अंगाला घाम फुटला.

बॅटरीपासून आलेली लाल तार सीटच्या रुळाला चिकटून गेली होती. सीट मागेपुढे केली की रूळ तिच्यावर घासे. आठवडाभरातच वरचे आवरण सोलवटले होते आणि बोटभर जागेत तांबे उघडे चकाकत होते. इंजिनकडे जाताना तीच तार पत्र्याला पाडलेल्या एका भोकातून गेलेली. भोकाची कड विळीच्या पात्यासारखी आणि मध्ये रबराचे कडे नाही. सगळ्यात वाईट म्हणजे एवढ्या लांबच्या तारेत कुठेही फ्यूज नव्हता.

ही गोष्ट नीट समजून घ्यावी. बॅटरी पुढे होती तेव्हा तिची तार हातभर. आता ती साडेचार मीटर, आणि सगळी वाट लोखंडाच्या अंगावरून. गाडीचा सांगाडा म्हणजे बॅटरीचे ऋण टोकच. धन टोकाची उघडी तार त्याला टेकली की शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, तार लालभडक होते आणि कार्पेट पेट घेते. किल्ली फिरवून काही उपयोग नाही, कारण ही तार किल्लीच्या अलीकडची. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो; पण बारा व्होल्टने गाडी जळते. आणि त्या सीटवर आदल्याच दिवशी ताई मंडईत जाऊन आली होती.

भाचेबुवांना मी हाक मारली आणि ते तांबे दाखवले. तो काही बोलला नाही. पाना घेऊन आला आणि बॅटरी सोडवली. आधी ऋण टोक सोडले, मग धन. एवढे त्याला भाऊजींनी शिकवलेले होते. (उलट केले आणि धन टोक सोडताना पाना पत्र्याला लागला, तर पानाच पत्र्याला चिकटायचा. जोडताना ऋण टोक शेवटी.)

पुढचे दोन रविवार आम्ही दोघांनी मिळून तेच काम पुन्हा केले. मिस्त्रीने तार घातली होती १० चौरस मिलिमीटरची. स्टार्टर फिरताना दीडशे अँपिअर ओढतो असे धरले, तर साडेचार मीटरच्या त्या तारेत एक व्होल्टहून जास्त वाटेतच खर्च होतो. थंडीच्या सकाळी गाडी नुसती कण्हत बसायची. आम्ही ३५ चौरस मिलिमीटरची आणली, तिच्यात हाच खर्च एक तृतीयांश व्होल्टवर येतो. तिचे तांबे सुमारे दीड किलो भरते, म्हणजे हलवलेल्या वजनातले थोडे असेच परत आले! तारेवर नळी, प्रत्येक भोकात रबराचे कडे, वीतभरावर चाप. बॅटरीपासून पहिल्या वीतभरातच मोठा फ्यूज, स्टार्टरचा ओढा सोसणारा पण शॉर्टला वितळणारा. बॅटरीला खाली लोखंडी चौकट आणि वरून पट्टा, कारण टक्कर झाली तर हे दहा किलो जागेवर राहत नाहीत. वर झाकणाची पेटी, आणि पेटीतून गाडीबाहेर जाणारी एक नळी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बॉनेटखाली तो वाऱ्याने उडून जातो, डिकीत मात्र कोंडतो. आणि या गाडीची डिकी बसायच्या जागेला लागूनच आहे.

ज्यांच्या गाड्या अलीकडच्या आहेत त्यांनी या भानगडीत पडू नये. त्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकावर पुष्कळदा प्रवाह मोजणारे उपकरण असते आणि सगळी गाडी त्याच्या मर्जीने चालते.

शर्यतीचे विचाराल, तर भाच्याची वेळ थोडी सुधारली. बॅटरीमुळे की त्याच महिन्यात घातलेल्या नव्या टायरांमुळे, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी टायरांच्या पक्षात आहे.

दसऱ्याला गाडी धुऊन अंगणात उभी केली. ताई ताट घेऊन आली. सवयीने तिने बॉनेट उघडायला लावले. रिकाम्या बैठकीकडे क्षणभर पाहिले, बॉनेट पाडले, त्यावर हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. मग मागे जाऊन म्हणाली, “डिकी उघड.”

मी घाईने म्हणालो, “ताई, निरांजन लांब ठेव हो. तिथे गॅस असतो.”

तिने निरांजन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले, परत येऊन पेटीच्या झाकणावर कुंकवाचे बोट टेकवले आणि मुलाकडे वळून विचारले, “पाणी कधी पाहिलं होतंस?”

भाचेबुवा मुकाट्याने झाकण काढून बुचे उघडू लागले.