संरक्षणाचा हप्ता

‘साहेब होता म्हणून शिस्त होती’ असं म्हणणारा एक तरी मराठी माणूस दोह्याच्या प्रत्येक इमारतीत असतोच. आमच्या अल हिलालमध्ये तर मजल्यागणिक. या विद्वानांचा सिद्धान्त असा: आफ्रिका गोऱ्यांनी लुटली, कबूल, आखातात मात्र त्यांनी फक्त संरक्षण दिलं. इथे गव्हर्नर कुठे होता? वसाहत कुठे होती? नुसते करारमदार! वा. शाळेत वसईचा तह घोकलेल्या माणसाने हे बोलावं?

दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला संरक्षणच तर विकत घेतलं. तैनाती फौज आली, तिच्या खर्चापायी मुलूख गेला, आणि 1818 मध्ये श्रीमंत स्वतःच गेले. बिठूरला.

दोह्याला या कृपेची पहिली चव मिळाली 1821 मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘वेस्टल’ जहाजाने गावावर तोफा डागल्या. आरोप चाचेगिरीचा. आपल्याला कशाबद्दल झोडपलं, हे पळणाऱ्या गावकऱ्यांना कळलंसुद्धा नाही. आधी काच फोडायची, मग काच सांभाळण्याचा हप्ता मागायचा, हा धंदा मुंबईकराला समजावून सांगायला नकोच. तोही मुंबईचाच होता म्हणा! 1868 मध्ये दोह्याचे प्रमुख मुहम्मद बिन थानी यांच्याकडून ‘समुद्रावर लढाई करणार नाही, तंटा झाला तर रेसिडेंटकडे नेऊ’ असं लिहून घेणारा इंग्रज रेसिडेंट लुईस पेली इराणच्या बूशहर बंदरात बसायचा, आणि बूशहर तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली. दोह्याच्या नशिबाची फाईल फोर्टात. अभिमान वाटतोय? वाटू द्या.

पण खरा मासला 3 नोव्हेंबर 1916 च्या कराराचा. इंग्रजांना विचारल्याशिवाय कतारच्या शेख अब्दुल्लांनी परक्या सत्तेशी संबंध ठेवायचा नाही, जमीन द्यायची नाही, मोत्यांचा मक्ता द्यायचा नाही. बदल्यात काय? समुद्राकडून हल्ला झाला तर रक्षण. आता नकाशा काढा. कतारच्या तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला वाळवंट, आणि शेखांना धास्ती त्या वाळवंटातून येणाऱ्या इब्न सौदची. रक्षण नेमकं तेवढी बाजू सोडून! ती बाजू साहेबाला आठवली 1935 मध्ये, तेलाचा वास आल्यावर. मक्ता अँग्लो-पर्शियन कंपनीला द्या, जमिनीकडूनही सांभाळतो. शेखांनी दिला, 75 वर्षांसाठी. सहीचे 4 लाख, पुढे वर्षाला दीड लाख. रुपये हं, आपले! तेल त्यांचं, कंपनी यांची, नाणं आमचं. साहेबाने यात घातलं काय? दौत.

आणि आफ्रिकेत निराळं काय झालं? 1888 मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी माताबेलेंचा राजा लोबेंगुला याच्याकडून खाणींचे हक्क लिहून घेतले. मोबदला: महिना 100 पौंड, 1,000 बंदुका आणि झांबेझी नदीवर एक गनबोट. गनबोट आलीच नाही. फसवलं गेल्याचं ध्यानात आल्यावर राजाने थेट राणीकडे तक्रार नेली. राणी बिचारी काय करणार, 1889 मध्ये तिनेच ऱ्होड्सच्या कंपनीला सनद दिली. 1893 मध्ये मॅक्सिम तोफा मात्र वेळेवर आल्या, राजाच्याच अंगावर. तिकडे नायजेरियात अमिरांना गादीवर ठेवून त्यांच्याच हातांनी कर वसूल करणारा इंग्रज अधिकारी लुगार्ड ‘अप्रत्यक्ष राज्यपद्धती’चा महर्षी ठरला. जन्म कुठला? मद्रासचा. आमच्या संस्थानिकांच्या दरबारात रेसिडेंट काय करत होते, हे त्याला वेगळं शिकवायची गरज नव्हती.

तर, निःस्वार्थ संरक्षणाचा शेवट ऐका. नोव्हेंबर 1967 मध्ये गोरॉन्वी रॉबर्ट्स नावाचे ब्रिटिश मंत्री आखातात येऊन शेखांना सांगून गेले, काळजी नको, आम्ही आहोत. जानेवारी 1968 मध्ये तेच मंत्री परत आले: आम्ही निघालो, तिजोरीत खडखडाट आहे. अबू धाबीचे शेख झायेद म्हणाले, सैन्याचा खर्च आम्ही देतो, राहा. यावर संरक्षणमंत्री डेनिस हीली यांचा स्वाभिमान उफाळून आला. अरब शेखांचे भाडोत्री व्हायचं? आम्ही? इतकं वाईट बोलले की पुढे माफी मागावी लागली.

1935 चा 4 लाखांचा आकडा त्यांना कुणी दाखवला नसावा.